भावजयीचा मोठा आवाज

आई,

तुझ्या धाकट्या लेकाने बायकोला आजारी ठरवलंय. पांडेसऱ्याच्या दवाखान्यातून तिच्यासाठी गोळ्या आणल्या आणि मला म्हणतो, "ताई, डॉक्टरच बोलले, दिमागाचा प्रॉब्लेम आहे." झोप येत नाही, ओरडते, मधेच रडते. डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, तिने न कळताच सगळ्याला हो म्हटलं. अगं, झोप येईल कुठून? गोडादऱ्यात एकच खोली. रातपाळीहून आलेला नवरा दिवसभर तिथे झोपणार, ही पोराला घेऊन बाहेर जिन्यावर साड्यांना टिकल्या चिकटवत बसणार. तो कामावर गेला की घरातलं सगळं काम उरलेलंच. आणि ओरडते, कारण लूमच्या खडखडाटात राहून राहून त्याचे कान गेलेत. बाबांचेही कान लूमनेच गेलेले, आपण नाही का त्यांच्याशी तसंच बोलायचो? पाहुण्यांना वाटायचं भांडण पेटलंय, आणि आपण नुसतं चहा घेता का विचारत असायचो. हे त्याने डॉक्टरांना सांगायला नको? त्यांचं बोलणं तरी त्याला धड ऐकू आलं होतं की नाही, देव जाणे.

मला उधन्याची आपली जुनी खोली दिसते. तू भाकरी थापता थापता हात झटकतेस, स्टोव्ह बंद करतेस आणि उंबऱ्यात जाऊन बसतेस. बाबा झोपेतून उठून विचारतात, "काय व्हयनं तुले?" अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी तू म्हणतेस, "मन्हाकडथीन व्हत नही आते!" आणि होत नाही, होत नाही म्हणत रडत राहतेस. शेजारच्या मावशींनी आम्हाला जेवू घातलं आणि बाबांना चांगलंच फैलावर घेतलं. मग बाबांनी शेठच्या मागे लागून दिवसपाळी मिळवली. हळूहळू तू पुन्हा हसायला लागलीस. त्या दिवशी तुलाही गोळ्या दिल्या असत्या, तर बाबांची पाळी कुणी बदलली असती? खरंच आजारी असलेल्यांना औषध मिळालंच पाहिजे, एवढं मलाही कळतं. पण या पोरीला काय हवंय, ते एकानेही विचारलं नाही याची मला चीड येते.

आता तो तिला नंदुरबारला माहेरी सोडणार आहे, आणि पोर स्वतःजवळ ठेवणार. "आजारी बाईजवळ पोर कसं ठेवायचं?" म्हणे! मी तिथे जाऊन खूप बोलले. दिवसपाळी माग, कान तपासून घे, तिला जरा आडवं होऊ दे. बोलता बोलता मला रडू फुटलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तू पण एकदा डॉक्टरांना दाखवून घे." भावजय पोराला पोटाशी धरून बसली होती. कुणी वेडी म्हणू नये म्हणून ती आता अगदी हळू बोलते. "पोर माझ्याजवळ राहू द्या," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि त्याला ते ऐकूच येत नव्हतं.

उद्या पुन्हा जाणार आहे. पोराला तिच्यापासून तोडू देणार नाही. तू तर गेलीस, आता हे पत्र पाठवायचं तरी कुठे? पण तुला म्हणून सांगते, तिथून आल्यापासून मीही घरात हळू बोलतेय.