गुलाबावरच्या मुंग्या आणि तुमची बाटली

वडीलधारे दादा यांस,

घड्याळजीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हातात चिमटा आहे, म्हणून हात नीट जुळले नाहीत, गोड मानून घ्यावं.) तुमची, वहिनींची आणि दुकानाची तब्येत ठणठणीत असेल अशी आशा आहे. दुकानाची असणारच. जोवर जगात किडे आहेत तोवर किडे मारायची औषधं विकणाऱ्याला मरण नाही. इकडे तुमच्या बहिणीचं चाललं आहे. कसं चाललं आहे ते पुढे लिहितो. आधी गुलाबाचं लिहितो, कारण तुम्ही फोनवरही आधी गुलाबाचंच विचारता आणि बहुतेक वेळा तेवढंच विचारून फोन ठेवता.

तुम्ही पाठवलेली बाटली पोचली. वरची कवटी फार सुबक छापली आहे. ‘बादलीभर पाण्यात एक झाकण, सकाळी झाड लख्ख’ ही तुमची चिठ्ठीही वाचली. पण दादा, गुलाब आहे बाजूच्या खिडकीला लागून आणि खिडकीला लागून आहे तुमच्या बहिणीची, ठकीची खाट. तिची छाती आता अशी झाली आहे की शेजारणीने तिच्या घरात फिनेलने फरशी पुसली तरी इकडे हिचा श्वास अडकतो. परवा मी दुकानातून हात न धुता आत गेलो, तर बोटांना लागलेल्या, घड्याळं पुसायच्या स्पिरिटच्या वासाने ती अर्धा तास खोकत होती. त्यात खिडकी कायम उघडी ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. म्हणजे तुमच्या औषधाने मावा मरेल, मुंग्या मरतील आणि त्यापुढचं मी लिहीत नाही. तेव्हा जे काही करायचं ते साम-दामाने, दंडाचं नाव काढायचं नाही, असं मी ठरवलं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा झुडपासाठी एवढा आटापिटा कशाला? या खेपेला त्याला एकच कळी धरली आहे. ती फुलली तर हीसुद्धा उठून बसेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात शिरलं होतं. (शुभ-अशुभ मानणाऱ्यांतला मी नव्हे. घड्याळ बंद पडलं म्हणून कुणी गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही, आणि बंद घड्याळं मी पुष्कळ पाहिली आहेत.) पण रोज उशाशी बसलं की अक्कल हळूहळू रजेवर जाते. आणि नेमक्या त्याच कळीच्या देठाला मावा लागला. हिरवा, गुबगुबीत किडा, एकाला एक चिकटून बसलेला.

पहिला उपाय पाण्याचा. नळाला नळी लावून जोरात फवारा मारला की मावा गळून पडतो, असं ऐकलं होतं. गळून पडला खरा. पण निम्मा फवारा खिडकीतून आत जाऊन चादर, उशी, औषधाच्या गोळ्या आणि तुमची बहीण यांच्यावर पडला. गोळ्या विरघळल्या, बहिणीने पदराने तोंड पुसलं. दुसऱ्या दिवशी मावा जागेवर हजर. मग मी डोळ्याला भिंग लावून झाडापाशी ठाण मांडलं, तेव्हा खरा प्रकार उलगडला. मावा झाडाचा रस पितो, त्याच्या अंगातून गोड थेंब येतो, तो मुंग्या चाटतात आणि बदल्यात माव्याची राखण करतात. मिशांनी गोंजारतात, दुसरा किडा आला तर हाकलून देतात. म्हणजे हे गोठेवाले! चारा झाडाचा आणि दूध यांना. मुंग्या रोखल्याशिवाय मावा हटायचा नाही हे मला तेव्हा कळलं. तुम्हाला बहुधा ठाऊक नसेल, कारण तुम्ही कुणाशी ओळख व्हायच्या आतच त्याला मारता.

मग खोडाला कागदाची पट्टी गुंडाळली आणि तिच्यावर ग्रीस फासलं. मुंग्या त्या पट्टीपाशी येऊन थबकल्या, आपसात काही बोलल्या आणि परत फिरल्या. मी जिंकलो म्हणून चहा टाकायला गेलो. येऊन पाहतो तो मंडळी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून रांगेने निघालेली, आणि दोरी टेकलेली फांदीला. दोरी काढली. आता ओले कपडे दुकानात वाळतात आणि गिऱ्हाइकांच्या डोक्यावर ठिबकतात. एका मास्तरांच्या घड्याळाच्या काचेवर माझ्या ग्रीसच्या बोटांचा असा ठसा उमटला की ते म्हणाले, चोर पकडायला उपयोगी पडेल. त्यानंतर भिंतीला टेकणारी डहाळी छाटली. मग कुठे मुंग्यांची वाट बंद झाली.

उरलेल्या माव्याला साबणाचं पाणी. आधी चुकून कपड्यांची सुवासिक पावडर घेतली, त्याने पानं करपली आणि ठकी खोकली, एका दगडात दोन पक्षी. मग अंगाचा साधा, बिनवासाचा साबण अगदी पातळ करून फडक्याने एकेक पान पुसलं. तेवढ्यात पानांवर एक नवीनच संकट दिसलं. काळ्या, काटेरी, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या, दिसायला सुसरीची पिल्लं. मी चिमटा घेतला (घड्याळातली केसाएवढी हेअरस्प्रिंग उचलायचा, माझा सगळ्यात नाजूक) आणि एकेकीला उचलून साबणाच्या पाण्यात बुडवू लागलो. फार सफाईने करत होतो. खिडकीतून बारीक आवाज आला. पाहतो तर ठकी हसत होती. हसत होती म्हणजे आवाज थोडा, खांदे जास्त हलत होते. “अहो, ती ढालकिड्याची पोरं आहेत. मावा तीच खातात. पाळणाघर बुडवलंत तुम्ही!” जन्मभर बारीक वस्तू नीट पाहण्यावर पोट भरलं आणि मदतीला आलेल्यांनाच चिमट्यात धरलं. पण दादा, ती किती दिवसांनी हसली. त्यासाठी आणखी एखादं पाळणाघर बुडवायची माझी तयारी होती.

जी पोरं वाचली त्यांनी राखणदार नसलेला मावा फस्त केला. कळी स्वच्छ झाली, फुगली. आणि त्याच दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर दुकानात नेऊन हलक्या आवाजात सांगितलं, की ज्यांना बोलवायचं असेल त्यांना बोलवून घ्या. आजवर मी गिऱ्हाइकांना ‘हे आता दुरुस्त होणार नाही’ असं किती सहज सांगत आलो, ते काउंटरच्या या बाजूला उभं राहिल्यावर कळलं. मी घाबरलो आहे, दादा. तुम्हीही घाबरला आहात हे मला माहीत आहे. आपण दोघं गुलाबाच्या आडून बोलतो.

वहिनींना नमस्कार. चूकभूल द्यावी घ्यावी.

तुमचा,
घड्याळजी

ता. क. बाटली याच पार्सलात परत पाठवत आहे. सील फोडलेलं नाही, विकता येईल.

ता. क. दुसरा. पत्र बंद करता करता ठकीने हाक मारली. म्हणाली, ती फांदी जरा काढता का? मला वाटलं, पुन्हा मावा. तर म्हणाली, “फांदीमुळे गल्ली दिसत नाही. दादा आला तर मला आधी दिसायला हवा.” इतके दिवस मी समजत होतो ती गुलाबाकडे बघते. फांदी बुडापासून कापली. कळी तिच्यावरच होती. पेल्यात पाणी घालून उशाशी ठेवली आहे, फुलायला लागली आहे. तिने तिकडे पाहिलेलं नाही.

ता. क. तिसरा. दुकान बंद करून निघा. येण्याआधी अंघोळ करा, धुतलेले कपडे घाला, तुमच्या अंगाला दुकानाचा वास असतो. आणि गल्लीत शिरल्यावर जरा सावकाश चाला. तिला हल्ली दुरून माणूस ओळखायला वेळ लागतो.