फुकटची छत्री

४ मार्च

पणतूचा दात पाहिला! मोबाइलवर. नातीने बोटाने त्याचा ओठ खाली ओढून धरला – तांदळाच्या कणीएवढा दात. मी इकडे टाळ्या पिटतेय, तो तिकडे बोळकं पसरून हसतोय. माझंही बोळकंच, फक्त त्याचं भरत चाललंय. मोबाइल नातीनेच पाठवला. म्हणते, आजी, आता तो काळा डबा कशाला ठेवतेस? डबा म्हणजे आमचा तारेचा फोन. ह्यांनी सात वर्षं वाट बघून घेतला होता. आला तेव्हा मी त्यावर विणलेला रुमाल घातला होता. असो.

६ मार्च

फोन कंपनीचा माणूस आला. गळ्यात टाय, चपलेचा अंगठा तुटका. बिचारा. सांगत होता, सरकारने फोन कंपन्यांना मोकळं सोडलंय. पूर्वी गिऱ्हाईक एक असलं तरी तार चालू ठेवावी लागायची, आता तशी सक्ती नाही. आमच्या गल्लीत तारेचे फोन चारच उरलेत. चाराच्या खाली गेले की कोपऱ्यावरची फोनच्या तारांची पेटी उचलणार. जो फोन परत करेल त्याला छत्री.

मी विचारलं, कुठल्या रंगाची?

निळी निघाली. बटण दाबलं की फट्कन उघडते! सही केली. माझी सही म्हणजे पाच मिनिटांचं काम.

१ एप्रिल

सुईणबाईंचा फोन बंद पडला. नुसता त्यांचाच नाही, गल्लीतले उरलेले तिन्ही. पेटी उचलली.

माझी तिन्ही बाळंतपणं सुईणबाईंनी केली. आता गुडघे गेलेत, पण काम सुटलेलं नाही. दारापाशी स्टुलावर फोन. कुणाचं तान्हं रडायचं थांबत नसलं की फोन यायचा. त्या म्हणायच्या, आधी त्याला फोनपाशी धर, मला रडणं ऐकू दे. आणि पोट दुखतंय की कान, बरोब्बर सांगायच्या. मोबाइल त्यांच्या घरात लागत नाही, गोदामाच्या भिंतीआड खोलात आहे ना घर. गच्चीवर लागतो. गच्ची चढणार कोण?

मला म्हणाल्या, "चार घरं होती गं. कुणीतरी एकाने सोडला."

मी म्हणाले, "कोण असेल बाई?"

ह्याच तोंडाने म्हणाले! मग म्हणाल्या, चार घरांतला तो टायपिस्टच असेल, त्याचं तोंडच तसलं. मी मान डोलावली. बोलताना माझ्याकडे बघत होत्या. तशी नजर अधू झालीय त्यांची.

२ एप्रिल

छत्री पलंगाखाली सरकवली.

५ एप्रिल

सुईणबाईंचा पुतण्या आला होता. माणूस वाईट नाही. म्हणाला, फोन होता म्हणून काकूला एकटं राहू दिलं. पडली-झडली तर आम्हाला कळणार कसं? महिनाअखेरीला घेऊन जातो. त्यावर सुईणबाईंनी त्यालाच सुनावलं – तू जन्मलास ते याच घरात, माझ्याच हातांत, आणि तेव्हाही असाच घाई करत होतास. तो हसला. पण ऐकलं नाही.

७ एप्रिल

फोनच्या ऑफिसात गेले. छत्री चादरीत गुंडाळून नेली, गल्लीत कुणी बघायला नको. खिडकीपाशी एक गोड मुलगी बसली होती. तिला सांगितलं, ही घे छत्री आणि माझा फोन परत दे, म्हणजे आम्ही पुन्हा चार होऊ. ती म्हणाली, आजी, तारेचं नवीन कनेक्शन आता कुणालाच देत नाही. मी म्हटलं, मग म्हातारीला फोन द्यायची जबाबदारी कुणाची? तिने खरंच विचार केला. मग म्हणाली, "आता कुणाचीच नाही, आजी."

छत्रीही परत घेतली नाही. येताना लख्ख ऊन. तरी उघडली नाही.

११ एप्रिल

खरं लिहू? इथे तरी लिहिते. सही करताना मला त्या आठवल्या होत्या. अगदी फोनच्या स्टुलासकट आठवल्या. मनात आलं, मी नाही तर दुसरं कुणी सोडेलच. मग छत्री त्याला का?

संध्याकाळी सांगायचं ठरवून गेले. फोन लागत नाही म्हणून एक पोर तान्ह्याला घेऊन तीन गल्ल्या चालत आली होती. सुईणबाई बाळाच्या पोटाला कान लावून बसलेल्या, डोळे मिटून. नंतर मला चहा दिला, साखर जास्त घालून, मला आवडते तशी. मी चहा प्यायले आणि घरी आले.

१९ एप्रिल

पणतूचा दुसरा दात. नाचावंसं वाटलं. मग वाटलं, बाई, तू कशाच्या बदल्यात नाचतेस?

२९ एप्रिल

उद्या जाणार त्या. उद्या सांगणारच. देवाशप्पथ.

३० एप्रिल

गेल्या. बंद पडलेला फोन मांडीवर घेऊन निघाल्या. त्याआधी माझ्या दाराशी आल्या. मी म्हटलं, बाई, मला एक सांगायचंय – त्यांनी माझा हात धरला.

"गाडीपर्यंत चल. ऊन फार आहे. तुझी ती निळी छत्री घे. त्या माणसाने आधी मलाच दाखवली होती."

पलंगाखालून काढली. फट्कन उघडली. गाडीपर्यंत त्यांच्या डोक्यावर धरली.