आबांनी यान उतरवलं

रविवार संध्याकाळ, धुळे

चंद्रावर यान उतरवायच्या त्या गेममध्ये महिनाभर माझं यान आपटतंय. मुलांना कॉम्प्युटर शिकवणारी मी, आणि मलाच जमेना. आज वडील, म्हणजे आबा, मागे उभे होते. भडगावला विहिरींत मोटारी सोडण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आता माझ्याकडे असतात, फारसे बोलत नाहीत. पाचव्यांदा आपटलं तेव्हा म्हणाले, "तू बठ्ठं इंधन वरच जाळी टाकस. तळ जवळ उना का मंगच धरानं." म्हणजे सगळं इंधन मी वरच संपवते; तळ जवळ आला की मगच यान आवरायचं, विहिरीतल्या मोटारीसारखं.

मी खुर्ची दिली. की-बोर्डला हात लावू नका, असं याच माणसाला मी वर्षभर सांगत आले. का सांगत होते? त्यांनी यान सरळ पडू दिलं. मला बघवेना. अगदी शेवटी इंजिन लावलं, आणि यान अलगद टेकलं. इंधनही उरलं.

हात लावू नका म्हटलेलं राहून राहून आठवतंय. आबांच्या मात्र ते मनातही नाही. म्हणाले, "आते घर कसं जावानं?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, कारण मी कधी पोहोचलेच नव्हते. मी शेजारी स्टूल ओढलं, आणि आम्ही दोघं परतीचा मार्ग शोधत बसलो.