आबांचा एको

जळगाव,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय भूपेंद्रभाऊ,

दिपमालाचा तुला आणि वहिनींना नमस्कार. मी बरी आहे. आई साक्रीत बरी आहे, गुडघे सोडले तर. तूही बरा असशील असं धरून चालते, कारण फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज वाचून गप्प बसतोस. म्हणून हे पत्र तुझ्या भडगावच्या शाळेच्या पत्त्यावर. शिपाई आणून हातात देईल तेव्हा सगळ्या मास्तरांसमोर ते फाडून टाकता येणार नाही, एवढा विचार मी केला आहे.

माझं काम नेमकं काय, ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. लोक त्याला हार्टची सोनोग्राफी म्हणतात, आम्ही एको म्हणतो. पडदे ओढलेली खोली, पेशंट डाव्या कुशीवर, छातीवर गार जेल. त्यावर मी प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, टेकवते आणि समोरच्या स्क्रीनवर हृदय चालताना दिसतं. दिवसाला पंचवीस-तीस तरी होतात. लहानपणी मी तुझं घड्याळ उघडून बसले होते आणि तू मला बदडलं होतंस. आता आत डोकावण्याचाच पगार मिळतो. तीन वर्षं झाली तरी कंटाळा येत नाही. कुणाचं आडवं, कुणाचं लांबट, कुणाचं बरगडीमागे दडून बसलेलं. पुढचा पेशंट आत आला की त्याच्या चेहऱ्याआधी मला हेच वाटतं, ह्याचं कसं असेल?

मागच्या आठवड्यात पारोळ्याकडचे वना बाबा आले होते. ऐंशीच्या पुढचे असतील. मान वळवून स्क्रीनकडे बघत म्हणाले, “हाई मनंच काळीज शे का वं माय?”

“हाव, बाबा.”

“एक दिन बी सुट्टी लेत नही?”

“नही, बाबा.”

“मंग मीच काबर थकी गऊ?”

मला हसू आलं आणि प्रोब हलला. पण एरवी आम्हाला हसायची मुभा नाही. रिपोर्ट डॉक्टर मॅडमनी सांगायचा, आम्ही नाही. पेशंट स्क्रीनपेक्षा आमच्या तोंडाकडेच जास्त बघतात, म्हणून चेहरा कोरा ठेवायला शिकावं लागतं. मला ते चांगलं जमतं.

आता बातमी. ऑगस्टमध्ये दवाखान्यात नवीन मशीन आलं. कोणावर तरी चालवून बघायचं होतं, मी लगेच आडवी झाले. स्वतःचं हृदय बघायची इतकी हौस होती म्हणून सांगू. नौशीन माझ्याबरोबर काम करते, तिने प्रोब धरला. मी पडल्या पडल्या तिला शिकवत होते, थोडं वर घे, आता फिरव. हृदयातून मोठी रक्तवाहिनी निघते, तिच्या तोंडाशी एक झडप असते. आडव्या छेदात तिच्या तीन पाकळ्या दिसतात. माझ्या दोनच दिसल्या. माशाने तोंड उघडावं आणि मिटावं, तसं चाललं होतं. फार सुंदर दिसत होतं ते, खरं सांगते. मी नौशीनकडे पाहिलं, तर तिचा चेहरा कोरा. तेव्हा कळलं की ह्या चेहऱ्याने पेशंटला काय होत असेल.

घाबरू नकोस. माझी झडप नीट चालते. शंभरात एखाद्याला अशी असतेच, आणि बरेच जण ती घेऊनच म्हातारे होतात. धोका त्या रक्तवाहिनीचा असतो. काहींची ती हळूहळू फुगत जाते आणि एखाद दिवशी फाटते. फुगलेली वेळेवर दिसली तर गोळ्या असतात, ऑपरेशन असतं. माझी फुगलेली नाही. वर्षातून एकदा मोजायची, बस.

पण हे रक्ताच्या नात्यात चालतं. मॅडमनी पहिलं तेच विचारलं, घरात कोणाला? मी म्हटलं, वडील अचानक गेले, त्रेपन्नाव्या वर्षी. छातीत कळ आली, ती पाठीत गेली, धुळ्याला पोचेपर्यंत संपलं. “त्यांचा एको कधी झाला होता का?” मी नाही म्हणाले.

भाऊ, ते खोटं होतं. झाला होता. मी केला होता.

साक्रीच्या शाळेत हृदयतपासणीचं शिबिर झालं होतं ते आठव. जानेवारी २०२२, बाजाराचा दिवस. माझं शेवटचं वर्ष होतं, कॉलेजने आम्हाला पाठवलं होतं. चादरींचे आडोसे, दोन बाकं जोडून केलेली खाट आणि ऐंशी-नव्वद माणसं. आबा सगळ्यात शेवटी आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट. रांगेत सगळ्यांना सांगून झालं होतं, “ती मशीनवाली मनी पोर शे.”

त्यांना शर्ट-बनियन काढायला सांगायला हवं होतं. डाव्या कुशीवर वळवून, हात डोक्यामागे घ्यायला लावून, जवळ बसून प्रोब दाबायला हवा होता. अनोळखी नव्वद माणसांना मी ते सकाळपासून सांगत होते. आबांना सांगता येईना. त्यांनी दोन बटणं काढली आणि वर कौलांकडे बघत राहिले. मीही खाली बघून बनियनच्या आतून कसातरी प्रोब सरकवला. “ठंडं शे,” एवढंच म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो. उताणा माणूस, झडप नीट दिसेना. रक्तवाहिनी वरपर्यंत दिसलीच नाही. ‘दिसली नाही’ असं लिहिता येतं, भाऊ. त्यात कमीपणा नसतो. पण मी सगळ्यांच्या कागदावर जे लिहीत होते तेच लिहिलं. झडप नॉर्मल, तीन पाकळ्या. डॉक्टरांनी सही केली. आबा तो कागद खिशात घालून बाजारभर दाखवत फिरले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. त्या सकाळी बाजारात तू त्यांच्यावर ओरडलास, भडगावची नोकरी सोडणार नाही म्हणून, आणि तासाभरात त्यांना कळ आली. दहाव्याला प्रेमराजकाका सगळ्यांदेखत म्हणाले, “पोरना बोलनाघाई माणूस गया.” तू तिथून उठून गेलास तो अजून घरी आलेला नाहीस. मी तिथेच उभी होते. पाठीत फाटल्यासारखं होतंय असं आबा म्हणाले होते, आणि मी पुस्तक उघडून त्याच आठवड्यात बघितलं होतं की ते रक्तवाहिनी फाटल्याचं लक्षण असू शकतं. मला संशय होता, आणि मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता की मग तुला शिबिरात कसं दिसलं नाही. तुझ्यावर ठपका राहिला की माझ्याकडे कोणी बघणार नाही, हे मला कळत होतं. तीन वर्षं मी ते चालू दिलं. ह्याची मला लाज वाटते.

शुक्रवारी मॅडमना खरं सांगितलं. ती कळ कशी होती, ते त्यांनी पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, रक्तवाहिनी अशी फुगलेली असली तर माणूस पोतं उचलताना जातो, झोपेतही जातो. आबांना नक्की तेच झालं का, हे आता कोणी सांगू शकणार नाही. नीट बघितलं असतं तर दिसलं असतं का, तेही नाही. मला तर रोज तोच प्रश्न पडतो. प्रत्येक पेशंटच्या वेळी त्या जागी प्रोब नेते आणि मनात विचारते, इथेच असेल का?

शिबिराचा तो कागद आईच्या पेटीत होता. पोळ्याला गेले तेव्हा घेऊन आले. त्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. खाली तपासणाऱ्याच्या जागी माझं अक्षर ओळखशील. काकांना, आईला, ज्याला दाखवायचा त्याला दाखव. आईला मी स्वतः सांगणारच आहे, पण तुझ्याआधी नाही.

आता मागणं. तू एको करून घे. तिशी कधीच ओलांडलीस तू. इथे ये, नाहीतर धुळ्याला जा. माझं तोंड बघायचं नसेल तर नौशीन करेल, तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. मी त्या दिवशी रजा घेईन. रागावून जा, भांडून जा, पण शर्ट काढून डाव्या कुशीवर नीट झोप आणि तिला म्हण, वरपर्यंत बघ. तिला काही दिसलं नाही तर तसं लिहून घे.

आणि मला करू देणार असशील, तर भाऊ आहेस म्हणून संकोचाने मी काही बघायचं सोडणार नाही. दिसेपर्यंत उठू देणार नाही.

आबा तुझ्या बोलण्याने गेले नाहीत असं मला वाटतं. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं.

तुझी बहीण,
आणि आबांची तपासणी अर्धवट करणारी,
दिपमाला