प्लगच्या वायरी

दादा,

गाडी सुरू करायला जाऊ नकोस, किल्ली मी नेली आहे. आणि मेकॅनिकला शिव्या घालणं थांबव. प्लग बदलले, कॉइल बदलली, तरी इंजिन पुन्हा झटके खातंय म्हणून तू त्याला लुटारू ठरवून मोकळा झालास. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही.

आज सकाळी खिडकीतून पाहिलं, तर बाबा बॉनेट उघडून प्लगच्या वायरी काढून पुसत होते. पुसल्या आणि भलत्याच जागी लावल्या. मी खाली जाऊन म्हटलं, "बाबा, क्रम चुकला."

"तू मला शिकवणार?"

एक-तीन-चार-दोन हा क्रम आपल्याला पाढ्यासारखा घोकायला लावला तो त्यांनीच. म्हटलं, म्हणून दाखवा. "एक," म्हणाले आणि थांबले. मग माझ्यावरच डाफरले.

वायरी मी नीट लावल्या. गाडी आता मस्त चालतेय, त्याचीच भीती वाटते.

मी त्यांना टॅक्सीने डॉक्टरकडे नेतेय. छकुलीला शाळेतून तू आण. यापुढे आजोबा तिला गाडीतून नेणार नाहीत, हे वहिनीलाही तूच सांग. काल तिला आणायला उशीर झाला तेव्हा "गाडी बंद पडली" म्हणाले होते. गाडीच बंद पडली होती, असं मला आता छातीठोकपणे सांगता येत नाही.

त्यांना मी सांगितलंय, इंजिन कायमचं गेलं. "एवढंच ना? आल्यावर उघडून बघतो," म्हणाले.

आम्ही परतायच्या आत हत्यारांची पेटी कुठेतरी लपव.

— धाकटी