अध्यक्षांची केस

सोम. ३ नोव्हें.
सरांनी निमंत्रणपत्र पुन्हा पाठवलं. सगळ्या देशांना. पहिल्या पत्रात परिषद १२ डिसेंबरला, या पत्रात १९ ला. कोलंबोहून निमलचा नम्र मेल आला: दोन्हीपैकी कोणती तारीख धरू? निमल आमचा उपाध्यक्ष, सरांचा लाडका, म्हणून नम्र. दुसरा कोणी असता तर हसला असता.
सगळ्यांना कळवलं, कार्यालयाची चूक, क्षमस्व, १२ च. कार्यालय म्हणजे ठाण्यातल्या खोपटच्या दोन खोल्या आणि मी, सरचिटणीस. आशियाभरच्या बालशल्यचिकित्सकांची संघटना एवढ्याशा जागेतून चालवतो आपण, असं सर मोठ्या अभिमानाने सांगतात. महिन्याभरातली ही तिसरी 'कार्यालयाची चूक'.
कार्यक्रमपत्रिका छापायला जायची आहे. शुक्रवार १२, पहिली केस, अध्यक्षांच्या, म्हणजे सरांच्या, हस्ते थेट शस्त्रक्रिया. हॉलमध्ये पडद्यावर सगळे बघणार.

शनि. ८ नोव्हें.
सरांना असिस्ट केलं. आतड्याची जोडणी, सहा महिन्यांचं बाळ. हात तसाच, लोण्यासारखा. मग मधेच थांबले. म्हणाले, "कोपऱ्यातला टाका राहिलाय."
घेतलेला होता. मीच दोरा कापलेला.
"झालाय सर तो."
"झालाय?" वाकून पाहिलं. "हो की." हसले. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं नाही.
बाळ छान आहे. त्र्याहत्तराव्या वर्षी एखादा टाका कोणाच्याही लक्षातून जाईल. माझ्या आत्ताच जातात गोष्टी.

बुध. १२ नोव्हें.
कार्यकारिणीची ऑनलाइन बैठक. सर अध्यक्षस्थानी. सुरुवातीलाच निमलला, "वडील कसे आहेत तुझे?"
वडील मार्चमध्ये गेले. शोकसभेत सरच बोललेले, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणलेलं.
निमल म्हणाला, "शांत आहेत, सर." बाकीच्या चौकोनांतले चेहरे खाली.
बैठकीनंतर त्याचा फोन. सर बरे आहेत ना? म्हटलं, दमलेत रे, परिषदेची धावपळ. सरळ खोटं बोलले. इतक्या सहज की माझं मलाच…

रवि. १६ नोव्हें.
१२ तारखेच्या केसची आई आलेली. रंजना. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, नवरा होडीवर जातो. मुलगी तीन वर्षांची, पित्तनलिका फुगून गाठ झालीय. ऑपरेशनशिवाय इलाज नाही. आणि तिथली जागा अडचणीची, चुकीला माफी नाही.
सगळं समजावलं. थेट प्रक्षेपणाचंही. तिला त्याचं काही नाही. एकच विचारत होती, "पन मोठं साहेबच करतील ना? माज्या भावाचा त्यांनीच केलता, तो एवराचा असताना. आता त्याला दोन पोरा हायेत."
मी मान हलवली. बोलले नाही म्हणजे खोटं झालं नाही, असं कोणाला सांगणार.
पोरगी माझ्या टेबलावरचा स्टेपलर सोडत नव्हती.

शुक्र. २१ नोव्हें.
आणखी एक. आज ऑपरेशन संपल्यावर सर बाहेर जाऊन आईवडिलांना सांगून आले, सगळं व्यवस्थित झालं म्हणून. आत आले, हात धुतले, म्हणाले, "चला, आईवडिलांना सांगून येतो." गेले. काचेतून दिसत होतं. आधी ती माणसं हसली, मग घाबरली. दुसऱ्यांदा का सांगतायत, काही लपवतायत का, असं वाटलं असणार.
संध्याकाळी प्रदीपला सगळं सांगितलं. नवरा बँकेतला, त्याला सगळं सोपं दिसतं. "मग काढ ना नाव पत्रिकेतून. सरचिटणीस तू आहेस."
"ज्यांनी मला सुई धरायला शिकवली त्यांचं?"
"म्हणूनच तू. दुसऱ्या कोणी काढलं तर ते जास्त वाईट." मग म्हणाला, "आधी काकूंशी बोल. सरांच्या बायकोला कळल्याशिवाय राहिलं असेल?"

मंगळ. २५ नोव्हें.
टेंभी नाक्याला सरांकडे गेले. ते वाचत बसलेले, छान गप्पा मारल्या, चेष्टा केली. क्षणभर वाटलं मलाच भास होतायत. मग काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुला कळलंय ना?"
म्हणजे त्यांना कधीचं.
गेले चार महिने काकू गाडीत बरोबर जातात. सर ऑपरेशन करतात तोवर हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसतात. सगळ्यांना सांगतात घरी करमत नाही. खरं म्हणजे एकदा सर घरी यायला निघाले आणि माजिवड्याच्या पुलाखाली गाडी लावून बसून राहिले. कुठे वळायचं ते सुचेना.
"दाखवलं कोणाला?"
"येतच नाहीत. म्हणतात, तुम्ही सगळ्यांनी मिळून मला म्हातारा करायचं ठरवलंय." मग माझा हात धरला. "वर्षा, परिषद तेवढी होऊ दे गं. पंचेचाळीस वर्षं केलंय त्यांनी. एवढी एक केस. मग मीच सोडायला लावते सगळं."
मी काहीच कबूल केलं नाही. नाहीही म्हटलं नाही. चहा न पिताच उठले, ते त्यांना लागलं असणार.

रवि. ३० नोव्हें.
भित्रेपणा केला. एक नियम लिहिला: थेट शस्त्रक्रिया करणाऱ्याचं वय सत्तरच्या आत असावं, रुग्णहितासाठी. कार्यकारिणीला मेलने मंजुरीसाठी पाठवला. कोणाचं नाव नाही, कोणाचा अपमान नाही, मी नामानिराळी.
दोन तासांत मनिलाच्या डॉक्टरांचं उत्तर, वय एकाहत्तर: 'माझे हात तुमच्यापेक्षा स्थिर आहेत, मॅडम.' आणखी दोघे खवळले. निमलने फक्त 'मंजूर' लिहिलं. एक शब्द. त्याला समजलं.
सरांकडून काही नाही. मेल वाचतात की नाही, तेही आता…

गुरु. ४ डिसें.
सर माझ्या दवाखान्यात आले. कोपरला, ठाण्याहून, एकटे, रिक्षाने. माझ्या पेशंटच्या रांगेत बसलेले, नंबर घेऊन. बाहेर डोकावले तेव्हा दिसले. आत घेतलं. काकूंना मेसेज केला, त्या तिकडे वेड्या व्हायच्या बाकी होत्या.
एकदम स्वच्छ होते आज. "नियम माझ्यासाठी केलास?"
"हो सर."
"मग नाव घालायचं. मी तुला आडून बोलायला शिकवलं नाही."
टाक्याचं सांगितलं. ते म्हणाले, एकदा होतं असं. मग त्या आईवडिलांचं सांगितलं, दोनदा गेलात म्हणून. "हे मला आठवत नाही," म्हणाले. आवाज असा मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. रागाचा नाही.
"मुलगी किती वर्षांची?"
"तीन."
"तू कर. मी बाजूला उभा राहतो. उभं राहायला तरी वयाची अट नाही ना?"
हसले. मला हसता आलं नाही. काकू येईपर्यंत दोघं बसून होतो. बाहेरचे पेशंट कुरकुरत होते.

सोम. ८ डिसें.
रंजनाला सांगितलं, ऑपरेशन मी करणार. चेहराच उतरला. "मंग साहेब कनाला नाय? त्यांना बरा नाय का?"
काय सांगू. म्हटलं, ते माझ्या शेजारी उभे असतील, माझे गुरू आहेत.
"तुमी किती केलीत अशी?"
बरोबर प्रश्न. हा कोणी सरांना विचारत नाही. सांगितले आकडे, खरे. संमतीपत्रावर सही न करता पोरीला उचलून घरी गेली. नवऱ्याला विचारते म्हणाली.
पत्रिकेत बदल कळवला. कारण: 'अध्यक्षांच्या व्यग्रतेमुळे'. पुन्हा कार्यालयाची भाषा.

बुध. १० डिसें.
रंजना आणि नवरा आले. नवऱ्याने काही विचारलं नाही, माझ्या हातांकडे मात्र बघत होता. सही केली. जाताना ती म्हणाली, "साहेब हायेत ना बाजूला, मंग चालल." त्या बोलण्याचंच ओझं झालंय.

गुरु. ११ डिसें.
सकाळी आठला सरांचा फोन. आवाज खणखणीत. "वर्षा, उद्या माझी केस किती वाजता? पोटाचे फोटो मला परत बघायचेत."
मी दार लावून घेतलं.
"सर, आपलं ठरलंय ना. मी करणार, तुम्ही शेजारी."
"कोणी ठरवलं?"
सगळं पुन्हा सांगितलं. टाका, आईवडील, कोपरला आलेले ते. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं, त्यांना मात्र पहिल्यांदाच कळत होतं. पुन्हा तेच, "हे मला आठवत नाही."
मग काकूंनी फोन घेतला. "उद्या आणते त्यांना," एवढंच.
दुपारी पाहुणे यायला लागले. निमल कार्यालयात आला, मिठाईचा डबा घेऊन, सरांना आवडते म्हणून. मी हसून सगळ्यांना खोल्या दाखवल्या, बॅगा वाटल्या.

शुक्र. १२ डिसें.
झालं. पोरगी शुद्धीवर आहे, पाणी मागते.
सर वेळेवर आले, टोपी-मास्क घालून माझ्या उजव्या हाताला. कॅमेरा फक्त पोटावर. मी गाठ सोडवत चाललेली, तिच्यापुढचा पातळ पदर कापणार तेवढ्यात सर, मास्कमधून कुजबुजत, "थांब. ती गाठीच्या पुढून जातेय."
यकृताकडे जाणारी रक्तवाहिनी. बहुतेकांत मागून जाते, हिच्यात पुढून. मला दिसली नव्हती. खरंच नव्हती. कापली असती तर पडदाभर रक्त, आणि त्यापुढे मला विचार करायचा नाही.
बाजूला करून घेतली, पुढचं सुरळीत. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या, असं निमल म्हणाला. त्यांना वाटलं, तो आवाज माझाच, मी शिकवण्यासाठी बोलतेय.
बाहेर आल्यावर रंजनाने सरांचे पाय धरले. त्यांनी तिला उठवलं आणि माझ्याकडे बोट केलं.
मग मला बाजूला घेऊन विचारलं, "या बाईला आपण कुठे भेटलोय?"

रवि. १४ डिसें.
समारोप. सरांचं भाषण मी आणि काकूंनी मोठ्या अक्षरात लिहून दिलेलं. सुंदर वाचलं. मनिलाचे डॉक्टर तावातावाने उठले आणि ठराव मांडला, अध्यक्षांना आणखी दोन वर्षं मुदतवाढ. वय हा गुण आहे, दोष नव्हे, असं म्हणत माझ्याकडे बघितलं. सगळे उभे राहून टाळ्या. सर हात जोडून उभे, भारावलेले. काकू पहिल्या रांगेत, मान खाली.
संघटनेच्या घटनेप्रमाणे ठराव सरचिटणिसाच्या सहीने कायम होतो. आठ दिवसांत.
निमल विमानतळाला निघताना म्हणाला, "शुक्रवारी तो आवाज तुझा नव्हता. मी ओळखला." मग म्हणाला, "म्हणूनच विचारतोय. तू सही करणार?"
टॅक्सी आली. मी त्याची बॅग ठेवायला लागले.

मंगळ. १६ डिसें.
पोरगी उद्या घरी जाईल. जेवते. तेवढं एक निर्वेध.
ठराव टेबलावर आहे. टाक्याची गोष्ट खरी, आणि त्या रक्तवाहिनीचीही. कोणती धरू.
आत्ता सरांचा फोन आला. "वर्षा, मला काही सांगितलंयस का तू या दिवसांत? महत्त्वाचं? ही सारखी रडते आणि विचारलं की म्हणते वर्षाला विचारा."
"येते मी सर."
"ये. आणि लिहून आण. लिहिलेलं माझ्याकडे राहील."
कागद घेतलाय. 'सर,' एवढं लिहून झालं. प्रदीप विचारतोय, सोबत येऊ का. नको म्हटलं.