किल्ल्या बदलून पाहिल्या

रविवार, वालचंदनगर, १९९७

बाईच्या हातात गाडी पळत न्हाय, म्हणून मी बारामतीला कॉलेजवर शिकवायला बसनं जायचं, म्हणे! धाकटे दीर संजूभाऊजी असं बोलले आणि मला राहवेना. भवानीनगरच्या सरळ रस्त्यावर किलोमीटरच्या दोन दगडांमधल्या अंतरात आळीपाळीनं गाड्या पळवल्या. स्टॉपवॉच सासऱ्यांच्या हातात. भाऊजींच्या नव्या झेनपेक्षा माझ्या जुन्या मारुती एट हंड्रेडला वेळ कमी लागला.

“वहिनी, तुमची गाडी हलकी हाय.”

गाडी! मग मी किल्ल्या बदलल्या. झेन माझ्याकडं, तरी पुन्हा मीच पुढं.

“वारा फिरला आसंल.”

वारा? गाडी चालते, वारा चालतो, फक्त मी चालवलेलं चालत नाही?

सासरे हसून म्हणाले, “संजू, आता तूच बसनं जा.”

उद्या बारामतीला मी गाडीनंच जाणार.